वनविद्येचे उपाध्याय : कै. मारुती चितमपल्ली

(धर्मग्रामाच्या ज्युबिली वर्षानिमित्त चाललेल्या व्याख्यानमालेत, पक्षी सप्ताहाच्या दिवसांत, प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान.)



ज्युबिलीच्या व्याख्यानांचे विषय ठरविण्यासाठी कमिटी बसली, तेव्हा आजच्या विषयाचे नाव आम्ही उच्चारताच कित्येकांच्या मुद्रेवर नापसंती उमटली. संतचरित्रे आहेत, आपल्या पूर्वजांचा इतिहास आहे, देवळाच्या बांधकामाची हकीकत आहे; हे सर्व सोडून जंगलखात्यातील एका पेन्शनर अधिकाऱ्यास ज्युबिलीत कशाला आणता, असा एका वडीलधाऱ्या सभासदांचा रोखठोक सवाल होता. सवाल गैर नव्हता. त्यास त्या वेळी आम्ही जे त्रोटक उत्तर दिले त्याने त्यांचे समाधान झाले नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून आज सविस्तर उत्तर देण्याचे योजिले आहे. ते गृहस्थ समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, ही आमच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट होय.

प्रथम या आठवड्याविषयी. नोव्हेंबर महिन्याच्या ५ तारखेपासून १२ तारखेपर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. राज्य सरकारने हा निर्णय २०२० साली घेतला. आठवड्याची ही दोन टोके मनास वाटेल तशी निवडलेली नाहीत. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस; ते १८९६ साली जन्मले आणि या देशातील पक्षिविद्येचा पाया त्यांनी घातला, हे आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत वाचले असेल. आणि ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा. ते १९३२ साली सोलापुरास जन्मले. २०२५ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांस पद्मश्री जाहीर झाली, आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. वय ९२ वर्षांचे होते. सरकारी सन्मान घरी पोचला आणि पाच महिन्यांच्या आत धनी निघून गेला.

चरित्राचा तपशील आम्ही थोडक्यात उरकतो, कारण त्यांचे आत्मचरित्र, 'चकवाचांदण', मराठीत उपलब्ध आहे आणि ज्यास जिज्ञासा असेल त्याने ते मुळातूनच वाचावे. सोलापूर हे गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव. तेथे रान कोठून येणार? परंतु आईजवळ पशुपक्ष्यांच्या कथांचे भांडार होते, आणि ज्यांस ते लिंबामामा म्हणत त्या नातलगाने या मुलास रानाची गोडी लावली. पुढे कोइमतूर येथे वनविद्येचे शिक्षण घेऊन ते सरकारच्या वनखात्यात दाखल झाले. अनेक ठिकाणी बदल्या झाल्या. पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य, भंडाऱ्याकडील नवेगावबांध आणि नागझिरा, आणि मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प, या सर्वांच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९९० साली ते निवृत्त झाले. मधल्या काळात संस्कृताचे अध्ययन त्यांनी जुन्या पद्धतीने शास्त्र्यांच्या पायाशी बसून केले, आणि जर्मन व रशियन भाषाही अभ्यासिल्या. २००६ साली त्यांच्याच गावी, सोलापुरास, भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की हा अधिकारी होता, लेखक होता, परंतु उपाध्याय कसा? यांनी कोणती शाळा काढली? तेच आज सांगावयाचे आहे.

वनखाते आणि रयत यांचे नाते या देशात कसे होते याची आठवण प्रथम केली पाहिजे. इंग्रज सरकारने १८७८ साली जंगलाचा कायदा केला आणि जे रान गावाचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते त्याचा पुष्कळसा भाग राखीव ठरविला. गुरे चारणारा, मोळी आणणारा, मोहाची फुले वेचणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत ते आजही वाचण्यासारखे आहेत. स्वराज्य आले, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने निर्माण झाली. या सर्वांची आवश्यकता होती, हे आम्ही नाकारीत नाही. तो कायदा झाला नसता तर आज वाघ केवळ चित्रात राहिला असता. परंतु रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसास खाकी गणवेश दिसला की त्याची छाती धडधडते, ही स्थिती काही एकदम पालटली नाही. सरकारी रान म्हणजे जनतेचे रान, असे कागदोपत्री असते. जनतेस ते आपले वाटत नाही. कायद्याने कुंपण घालता येते. पण आपलेपणा उत्पन्न करणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि त्या कामासाठी सरकारात पूर्वी जागाच नव्हती.

चितमपल्लींनी ही जागा स्वतः निर्माण केली, आणि ती एका विचित्र मार्गाने. ते गुरू होण्यापूर्वी शिष्य झाले.

नवेगावबांध हे ठिकाण पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात मोडते. तेथे डोंगरांच्या कुशीत एक विस्तीर्ण तलाव आहे. हा तलाव कोहळी जमातीच्या कोलू पाटलाने बांधला असे त्या भागातील लोक सांगतात. कोहळी हे तलाव बांधण्यात निष्णात असे शेतकरी. पूर्व विदर्भातील शेकडो तलाव त्यांच्या हातचे आहेत. हिवाळ्यात या पाण्यावर दूरदेशीची बदके उतरतात. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. चितमपल्ली तेथे साहेब म्हणून गेले. परंतु गावचे माधवराव पाटील डोंगरवार, ज्यांस त्या रानाचे पान न् पान ठाऊक होते, त्यांच्याबरोबर हे साहेब नावेतून आणि पायी हिंडू लागले. गोंड वाटाड्यास विचारावे, ढीवर म्हणजे मासे धरणाऱ्यास विचारावे, त्याने जे नाव सांगितले ते वहीत टिपावे, आणि मग रात्री इंग्रजी व संस्कृत ग्रंथ काढून ताडून पाहावे, असा त्यांचा क्रम असे. ज्यांस खाते आजवर चोर समजत होते त्यांच्यापाशीच रानाची विद्या आहे, हे त्यांनी मान्य केले आणि छापून जाहीर केले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' ही त्यांची पुस्तके चाळून पाहा. तेथे कोठेही असा सूर नाही की आम्ही शहाणे, आम्ही तुम्हांस शिकवितो.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याचा एक दाखला आहे आणि तो येथे दिल्यावाचून राहवत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून गोव्यास आले. त्यांनी आधी येथील लोकांची भाषा आत्मसात केली, ती तोंडात रुळविली, आणि मग १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापले. ज्यास शिकवावयाचे त्याच्यापासून आधी शिकणे, ही रीत दोघांचीही. तुलना येथेच थांबवितो. दोघांचे विषय निराळे होते.

आता शब्दांची गोष्ट. आम्हांस हीच सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर अंमळ रेंगाळतो. इंग्रजीत पक्षिविद्येचे जे शब्द आहेत त्यांस मराठीत प्रतिशब्द नाहीत, अशी ओरड पूर्वी होत असे. कावळे जेथे एकत्र घरटी करतात त्या वसाहतीस काय म्हणावे? बगळे, करकोचे एकाच झाडावर दाटीवाटीने वीण घालतात त्या जागेस काय म्हणावे? चितमपल्लींनी पहिलीस 'काकागार' म्हटले, दुसरीस 'सारंगागार' म्हटले, आणि पक्षी रात्री जेथे थव्याने मुक्कामास येतात त्यास 'रातनिवारा' म्हटले. किती गोड शब्द आहे पाहा! पहिले दोन संस्कृताच्या टांकसाळीतले आणि तिसरा घरातल्या मराठीचा. हंसदेव नावाच्या जैन पंडिताने तेराव्या शतकात 'मृगपक्षीशास्त्र' नावाचा ग्रंथ संस्कृतात रचिला होता. तो मराठीत आणण्यास चितमपल्ली कारण झाले. पुढे त्यांचा 'पक्षीकोश' निघाला. एकेका पक्ष्यास मराठीत, संस्कृतात, हिंदीत आणि निरनिराळ्या बोलींत काय म्हणतात हे त्यात एकत्र केले आहे. पक्ष्यांवर न थांबता ते प्राणी, वृक्ष, मासे यांच्या कोशांच्या मागे लागले, आणि म्हातारपणी, जेव्हा दुसरा मनुष्य आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतो, तेव्हा ते चिठ्ठ्या लावीत बसलेले असत.

कोणी म्हणेल, नावांनी काय होते? बंधूंनो, उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या मानवास जी कामे सोपविलेली दिसतात त्यांत नावे ठेवण्याचे काम आहे. परमेश्वराने सर्व प्राणी व पक्षी त्याच्यापुढे आणिले आणि तो त्यांस काय म्हणतो ते पाहिले. ज्यास नाव नाही तो नाहीसा झाला तरी कळत नाही. ज्या झाडास आपण 'कसले तरी झाड' म्हणतो ते तोडले गेले तर आपण हळहळत नाही; परंतु 'दारचा आंबा तोडला' म्हटले की घरात दोन दिवस कोणी धड जेवत नाही.

आम्ही मागे धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांस सहज विचारले की आपल्या वाडीत दिसणाऱ्या दहा पक्ष्यांची नावे सांगा. कावळा, चिमणी, कबुतर, पोपट, येथपर्यंत गाडी झपाट्याने आली. पुढे एकाने मोर सांगितला, जो त्याने वाडीत कधी पाहिलेला नाही. एका मुलीने पेंग्विन सांगितला. वर्गाच्या खिडकीबाहेर विजेच्या तारेवर त्या क्षणी एक खंड्या बसला होता, निळाभोर, लाल चोचीचा, आणि त्याचे नाव चाळीस मुलांत दोघांस ठाऊक होते. त्याच मुलांच्या आज्या दयाळ, तांबट, शिंजीर, हळद्या, भारद्वाज, कोतवाल, टिटवी, ढोकरी, पाणकोंबडी अशी वीसपंचवीस नावे एका दमात सांगतात, आणि कित्येकांस सामवेदीत वा वाडवळीत निराळेच नाव आहे असेही सांगतात. पाचूबंदरच्या आपल्या कोळी बांधवांस माशांची जी नावे येतात ती तर कोणत्याही छापील पुस्तकात सगळी सापडणार नाहीत. ही संपत्ती एका पिढीत नाहीशी होत आहे. दागिने चोरीस गेले तर आपण पोलीस ठाणे गाठतो.

शिक्षक काय करतो याचे एक उदाहरण देतो. 'उंबराचे फूल' हा वाक्प्रचार आपण सर्व वापरतो. दुर्मिळ वस्तूस उंबराचे फूल म्हणतात, कारण उंबरास फूल आलेले कोणी पाहिले नाही. आता जाणता मनुष्य तुमच्यासमोर उंबराचे कोवळे फळ चिरतो आणि आत दाखवितो की फुले येथे आहेत, शेकडो आहेत, फळाच्या पोटात लपली आहेत. आणि टाचणीच्या टोकाएवढे एक चिलट आत शिरून त्या फुलांचे परागीकरण करते. ते चिलट नसेल तर उंबरास बी धरत नाही. वड, पिंपळ, उंबर ही एकाच घराण्यातील झाडे. त्या प्रत्येकाचे चिलट बहुधा निराळे. या झाडांची फळे खाऊन धनेश पक्षी जगतो आणि रानभर बी पेरीत जातो. धनेशाची मादी विणीच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेविते. कित्येक आठवडे नर तिला व पिलांना त्या फटीतून भरवितो. तो नर कोणी मारला तर आत सारे कुटुंब उपाशी मरण्याची वेळ येते. आणि जुने पोकळ झाड वाळले म्हणून सरपणासाठी तोडले तर पुढल्या वर्षी मादीस घर मिळत नाही. हे एकदा ऐकल्यावर वाळलेल्या झाडाकडे पाहण्याची मनुष्याची दृष्टी बदलते. त्यास दंडाची भीती घालावी लागत नाही.

चितमपल्लींच्या सर्वच गोष्टी आम्ही डोळे मिटून स्वीकारतो असे मात्र समजू नये. पाऊस कसा पडेल हे पशुपक्ष्यांस आधी कळते, असे ते फार आवडीने सांगत. कावळ्याने वैशाखात आंबा, करंज अशा झाडांवर घरटे बांधले तर पाऊस चांगला. बाभूळ, सावर अशा काटेरी झाडांवर बांधले तर पाऊस कमी, ही त्यांनी लोकांकडून गोळा केलेली समजूत आता दर मे महिन्यात वर्तमानपत्रांत छापून येते. आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो. दाखल्यांची मोजदाद झाल्यावाचून नियम मानू नये, असे तेथे आम्हांस बजाविले होते. म्हणून या आडाख्यावर आम्ही भाताची पेरणी करणार नाही, आणि तुम्हीही करू नये. वेधशाळेचे अंदाज ऐकावे. परंतु या समजुतीपायी एखादा मुलगा मे महिन्याच्या उन्हात कावळ्याचे घरटे कोणत्या झाडावर आहे हे मान वर करून शोधीत असेल, आणि त्या निमित्ताने त्यास करंज कोणता व सावर कोणती हे कळत असेल, तर आमची हरकत नाही. त्यांच्या लिखाणात गूढाचाही अंश बराच आहे. शास्त्रीय वृत्तीच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले तर ते ऐकून घेतले पाहिजेत. जो शिक्षक लोकांच्या तोंडचे टिपून घेतो त्याच्या सुपात कोंडाही येणारच. पाखडणे हे पुढच्यांचे काम.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या वसईच्या पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर. हे तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सुमारे ८५ चौरस किलोमीटरांचे ते रान आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी पेल्हारचे धरण आहे. श्रावणात तेथे भाविकांची रीघ लागते, आणि धबधब्यांसाठी येणाऱ्या मंडळींची त्याहून मोठी. परतीच्या वाटेवर बाटल्या आणि पिशव्या किती पडतात ते ज्याने पाहिले आहे त्यास आम्ही काय सांगावे? हे रान कोणाचे, असे विचारले तर पुष्कळ जण 'सरकारचे' म्हणतील. आणि सरकारचे म्हणजे कोणाचेच नव्हे, हा आपल्याकडील अलिखित कायदा आहे.

२०२४ च्या मार्च महिन्यात वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला, तेव्हा काय गोंधळ उडाला हे तुम्हांस आठवत असेल. सायंकाळी लोक घराबाहेर पडेनात. एप्रिलात तो पिंजऱ्यात सापडला आणि सर्वांनी निःश्वास सोडला. त्या आठवड्यांत जी बोलणी आमच्या कानी आली त्यांत एक मागणी वारंवार होती, की असले प्राणी दिसताच धरावे आणि दूर नेऊन सोडावे. लेकुराच्या आईस असे वाटणे स्वाभाविक आहे. तिला हसणारा मनुष्य निष्ठुर म्हणावा लागेल. परंतु जुन्नरकडे हाच उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला होता. तेथील बिबटे धरून इतरत्र सोडले, आणि माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, असे डॉ. विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाअंती दाखवून दिले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो. उलट, ज्या अकोले तालुक्यात उसाच्या फडांतून बिबटे माणसांच्या शेजारी राहतात, तेथे त्यांनी पाहिले की शेजार असूनही माणसांवर हल्ले जवळजवळ नाहीत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २०११ सालापासून वनखात्याने नागरिकांस बरोबर घेऊन हेच शिक्षण आरंभिले: कचरा साठू देऊ नये, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, मुलांस अंधारात एकटे पाठवू नये, प्राणी दिसला तर गर्दी करून त्यास कोंडू नये. ही माहिती घरोघर पोचविणारा जो कोणी असेल, तो शिपाई असो की शिक्षिका असो, तो चितमपल्लींच्याच पंथातला होय.

आपल्या समाजात असा मनुष्य झाला नाही असे नाही. ज्यांचे नाव घेतल्यावाचून वसईत हा विषय बोलताच येत नाही ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी आपणांस सोडून गेले. नंदाखालचा हा सुपुत्र १९८३ ते २००७ पर्यंत 'सुवार्ता' मासिकाचा संपादक होता, आणि हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे त्यांनी या भूमीच्या पाण्यासाठी व झाडांसाठी जो लढा दिला तो तुमच्यापैकी कित्येकांनी त्यांच्या खांद्यास खांदा लावून लढला आहे. योगायोग पाहा. २००६ साली मराठी सारस्वताने एका वनाधिकाऱ्यास संमेलनाच्या अध्यक्षपदी बसविले, आणि २०२० साली उस्मानाबादेस ९३ व्या संमेलनात एका धर्मगुरूस. दोघांसही झाडांची काळजी होती. कमिटीतील ज्या वडीलधाऱ्या गृहस्थांचा सवाल आम्ही आरंभी सांगितला, त्यांस आमचे उत्तर एवढेच की हा विषय देवळाच्या कुंपणाबाहेरचा नाही; आपणच तो मध्यंतरी बाहेर ठेविला होता.

बावखलांचेच पाहा. आपल्या पूर्वजांनी वाड्यावाड्यांतून बावखले खणून ठेविली. पावसाचे पाणी त्यांत साठावे, जमिनीत मुरावे, विहिरींस गोडे पाणी राहावे, आणि केळी, पानवेली, भाजीपाला वर्षभर भिजावा, ही त्यांतील योजना. समुद्र इतका जवळ असता विहिरी गोड राहिल्या त्या याच्या जोरावर. गोडे पाणी जमिनीत दाब धरून राहते तोवर खारे पाणी मागे हटते. उपसा वाढला आणि मुरणे थांबले की खारे पाणी आत सरकते. हे कोणा इंजिनिअराने त्यांस शिकविले नव्हते. आज कित्येक बावखले भरावाखाली गेली आहेत आणि त्यांवर इमारती उभ्या आहेत. २०१८ च्या जुलैत वसई कित्येक दिवस पाण्यात उभी होती. गाड्या बंद, वीज बंद, मिठागरांतील माणसे अडकलेली. पाण्याने त्या वेळी आपली जुनी जागा शोधली आणि तेथे आपली घरे निघाली. चितमपल्ली नवेगावास गेले तेव्हा कोहळ्यांचा तलाव निदान शाबूत होता. आपले कोलू पाटील कोण होते त्यांची नावेही आपण टिपून ठेविली नाहीत.

सन्मानाविषयी थोडे बोलून संपवितो. पद्मश्री ही थोर गोष्ट आहे; ९३ व्या वर्षात मिळाली तरी थोर आहे. परंतु पदके बहुधा पुस्तकांस मिळतात, संशोधनास मिळतात. जो मनुष्य रानाच्या फाटकाशी उभा राहून आलेल्या चार पोरांस झाडाचे नाव सांगतो त्याच्यासाठी पदक नाही. वैशाखातील बुद्धपौर्णिमेस वनखाते सामान्य नागरिकांस पाणवठ्यावरील मचाणावर रात्रभर बसू देते, आणि येणाऱ्या प्राण्यांची नोंद करावयास लाविते. त्या मचाणावर आपल्याबरोबर जो वनरक्षक जागतो, ओठांवर बोट ठेवून गप्प बसावयास सांगतो आणि पहाटे वहीतील चुका सुधारून देतो, त्याचे नाव कोणत्या यादीत येते? ताडोबा आणि नागझिऱ्याच्या फाटकांवर आता गावचीच मुलेमुली वाटाडे म्हणून उभी असतात. ज्यांच्या आजांस जंगलात शिरल्याबद्दल दंड भरावा लागला त्यांच्या नातवंडांपाशी आज शहरचे लोक विचारीत येतात, की हा कोणता पक्षी? फुल्यांनी हे पाहिले असते तर त्यांस बरे वाटले असते, असे आम्हांस वाटते.

शालश्रीफळाचा कार्यक्रम या खेपेस आम्ही मुद्दाम ठेविला नाही. त्याऐवजी कमिटीने दोन गोष्टी योजिल्या आहेत, त्या सांगतो. पहिली अशी, की देवळाच्या सभागृहात दरवाज्याजवळ मेजावर एक जाडी वही ठेविली आहे. तीत पाने आखून पक्षी, झाडे, मासे आणि बावखले असे चार भाग केले आहेत. प्रत्येक घरातील आजोबाआजींनी आपल्या बोलीत जे नाव ठाऊक असेल ते तीत लिहावे. लिहिता येत नसेल त्यांनी नातवंडाकडून लिहवून घ्यावे, आणि ते नाव कोणत्या वाडीत चालते हेही खाली नमूद करावे. एकाच माशास तीन घरांत तीन नावे निघाली तर भांडू नये, तिन्ही लिहावी. बावखलाच्या पानावर ते कोणाच्या वाडीत होते, किती खोल होते आणि केव्हा बुजविले, हे आठवेल तसे लिहावे. बुजविणाराचे नाव लिहू नये. वर्षअखेर ही वही आपल्या शाळेतील शिक्षकांच्या स्वाधीन होईल.

दुसरी, येत्या रविवारी पहिल्या मिस्सेनंतर तुंगारेश्वराच्या पायथ्याशी मुलांस घेऊन जावयाचे आहे. वनखात्याची परवानगी मिळाली आहे. बरोबर येणाऱ्या पालकांनी आपली नावे आज सभा संपल्यावर आमच्या कचेरीत द्यावीत. पाणी घरून आणावे, बाटली परत न्यावी, आणि भडक कपडे घालू नयेत. जे आजोबा पहिल्या रांगेत बसले आहेत त्यांस सावर आणि पांगारा यांतला भेद दुरून ओळखता येतो, हे आम्हांस त्यांच्या सुनेकडून कळले आहे. तेव्हा त्यांचे नाव यादीत आम्ही आधीच लिहून टाकले आहे.